तेलाचं बोट

जयराम फडोळांच्या रोहिणीनं बर्फात एका माणसाचा पाय मोडला, हे गावाला पाठ आहे. मखमलाबादच्या पुढं कुठल्याही टपरीवर चहाला थांबा, कुणीतरी आपणहून सांगेल. वर हेही ऐकवेल की पोरीच्या जातीनं असल्या ठिकाणी जायचंच कशाला. ज्यांनी उभ्या जन्मात फ्रीजच्या वरच्या कप्प्यापलीकडं बर्फ पाहिला नाही, त्यांची ही मतं. ऐकून डोकं फिरतं. पण गावाला जे माहीत नाही ते निराळंच आहे, आणि ते माहीत असणारी एकटी रोहिणी तोंड उघडत नाही.

फडोळांकडं फुलांची शेती. झेंडू, शेवंती, मधल्या सऱ्यांत मेथी-कोथिंबीर. तांबडं फुटायच्या आत रोहिणी आणि तिची आई आक्काबाई क्रेट भरून गणेशवाडीच्या फूलबाजारात हजर. अशा घरातली पोर बर्फावर कशी पोचली, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर घोटीजवळच्या मामाच्या गावात आहे. तिथं भाताची खाचरं संपली की डोंगर सुरू होतो, आणि डोंगराच्या माथ्यावर मोठंच्या मोठं पठार. मार्गशीर्ष-पौषात तिथलं गवत वाळून असं गुळगुळीत होतं की उतारावर पाय ठरत नाही. पोरं पोत्यावर बसून घसरगुंडी खेळतात. रोहिणीला बसून घसरण्यात गोडी नव्हती. ती बांबूच्या दोन फाळ्या पायाला सुतळीनं बांधायची आणि उभ्यानं उतरायची. दात एकदा पडला, कोपर दोनदा सोललं, मामीनं पाठीत धपाटे घातले ते वेगळे. पोर काही थांबली नाही.

पुढं कॉलेजात डोंगर चढणाऱ्या पोरापोरींची ओळख झाली, मनालीकडचा स्कीचा कोर्स झाला. तिथं पहिल्यांदा खरा बर्फ पायाखाली आला, तेव्हा शिकवणाऱ्यानं विचारलं की बाई, तू आधी कुठं शिकलीस. रोहिणी म्हणाली, गवतावर. त्याला ते हिंदीत नीट कळलं नसावं, पण त्यानं मान डोलावली.

स्की म्हटलं की लोकांना वाटतं पाळण्यात बसून वर जायचं आणि मजेत घसरत खाली यायचं. रोहिणीचं काम तसलं नव्हतं. मनालीकडं झाडांची हद्द संपली की वर उघडे माळ लागतात. उन्हाळ्यात त्यांवर मेंढरं चरतात, हिवाळ्यात चिटपाखरू नसतं. त्या माळांवरून स्की पायात घालून चढायचं, खिंड ओलांडायची, पलीकडं उतरायचं, दगडी झोपडीत मुक्काम टाकायचा, की सकाळी पुन्हा चालू. चढताना स्की मागं घसरू नये म्हणून तिच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात. तिला स्किन म्हणतात. एका अंगाला वासराच्या पाठीवर असते तशी आखूड लव, दुसऱ्या अंगाला डिंक. लव पुढं सरकू देते, मागं जाऊ देत नाही. सगळा जीव त्या डिंकावर. डिंक सुटला की चढणारा माणूस उतारावर उघडा पडला.

नाशकात हे सगळं चालवणारा माणूस म्हणजे ज्ञानेश. गंगापूर रोडला त्याचं ऑफिस, काचेचं दार, भिंतीवर शिखरांचे फोटो. दर जानेवारीत तो हौशी मंडळींना त्या माळांवर घेऊन जायचा. रोहिणी त्याच्याकडं काही हिवाळे नुसती मदतनीस म्हणून गेली. सामान ओढायचं, स्टोव्ह पेटवायचा, पाहुण्यांच्या बुटांचे बंद आवळायचे, आणि ताज्या बर्फात रस्ता पाडायची वेळ आली की पुढं व्हायचं. पुढं ती, आणि फोटोत पुढं ज्ञानेश. असं बरीच वर्षं चाललं. शेवटी गेल्या पावसाळ्यात त्यानं शब्द दिला. येत्या जानेवारीची सफर तू लीडर म्हणून ने, मी मागून येऊन बघतो, नीट पार पाडलीस तर तुला कायम करतो. हिवाळाभर तिकडं, बाकीचे महिने ऑफिसात.

रोहिणीला दुसरं काही नको होतं. अगदी काही नको होतं.

पण घरात जयरामनं सिन्नरचं स्थळ धरून ठेवलेलं. मुलगा कारखान्यात कामाला, घर स्वतःचं, माणसं ओळखीची. जयराम काही वाईट बाप नव्हे. पोरीचं वय वाढत चाललंय आणि ती परमुलखात लोकांची ओझी ओढते, ह्यानं त्याचा जीव कुरतडत होता. त्यानं पितृपक्ष संपला की सिन्नरकरांना बोलवायचं ठरवलं. तिथं आक्काबाई आडवी आली. ही बाई एरवी नवऱ्याच्या शब्दाबाहेर जाणारी नव्हे. पण त्या पंधरवड्यात ती त्याच्याशी अक्षर बोलली नाही. भाकऱ्या थापायची, ताट वाढायची, तोंड शिवलेलं. शेवटी जयराम कंटाळला आणि म्हणाला की बरं, हिवाळाभर थांबतो. पोर कायम झाली तर तिचं तिनं बघावं. नाही झाली तर मग कुणी मधे बोलायचं नाही.

आक्काबाईनं देवघरासमोर उभं राहून कबूल केलं. ज्ञानेशनं लबाडी केली, नशीब आडवं आलं, तर मी पुन्हा भांडीन. पण पोरीनंच कामात कसूर केली, तर माझा शब्द संपला. असं ती बोलली, आणि आक्काबाईचा शब्द म्हणजे दगडावर कोरलेला.

मग आली खंडेनवमी. फुलवाल्याच्या घरी दसऱ्याचा सण दसऱ्यानंतरच होतो. रोहिणी टेम्पोबरोबर बाजारात गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिकडंच. घरी आक्काबाईनं अंगण सारवलं आणि पूजेला सगळी अवजारं मांडली. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, तराजू, पाण्याची मोटर, जयरामची मोटारसायकल. हत्यार धुवायचं, पुसायचं, तेलाचं बोट लावायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. ज्यावर आपलं पोट आहे त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, एवढीच ही रीत.

सगळं मांडून झाल्यावर तिच्या मनात आलं, की पोरीचं हत्यार राहिलं. ह्या वर्षी तर त्याच्यावरच सगळं आहे.

कपाटामागून तिनं स्की काढल्या. ती त्यांना फळ्या म्हणायची. फळ्या पुसल्या, पोलादी कडांना तेल लावलं, वर कुंकवाची बोटं ओढली. इथवर ठीक होतं, कडांना तेल लागलं तर बरंच. मग शेजारची पिशवी उघडली. आत पट्ट्या होत्या, डिंकाला डिंक लावून घडी केलेल्या. ओढून बघितलं तर टोकाकडून वीतभर सुटल्या. हाताला चिकट लागलं. खुरप्याला, विळ्याला झेंडूचा चिकटा धरतो तो तिच्या रोजच्या पाहण्यातला. तेलाचं बोट फिरवलं की तो सुटतो. तिनं चारही टोकांना तेलाचं बोट फिरवलं, हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि घडी होती तशी मिटून पिशवीत ठेवली. मग फळ्यांवर फूल ठेवून म्हणाली, माझ्या पोरीला सांभाळ.

ह्यात सांगण्यासारखं काय होतं? विळ्याची पूजा केली हे कुणी कुणाला सांगतं का? रोहिणी परतली ती उभ्या उभ्या झोपलेली. स्कीवर फूल आणि कुंकू बघून तिला बरं वाटलं, तेवढंच. स्किनची घडी खाली मैदानी मुलखात उघडायची नसते, धूळ बसते, असं कोर्सात बजावलेलं. तिनं ती उघडली नाही.

उघडली ती थेट जानेवारीत, माळांखालच्या शेवटच्या झोपडीत, निघायच्या दिवशी सकाळी. घडी ओढली तर टोकं नुसती निसटून हातात आली. डिंकावर पिवळा डाग, लाल डाग, तांदळाचे दोन दाणे. बोट फिरवलं तर तेलकट. कुणी केलं, कधी केलं, का केलं, सगळं एका क्षणात कळलं, आणि राग यायच्या ऐवजी तिला रडू आलं.

आता तुम्ही म्हणाल, सांगायचं होतं की. जादा स्किनची एक जोडी ज्ञानेशच्या पिशवीत होती. मागितली असती तर मिळाली असती. मिळालीच असती. पण त्याआधी एका हिवाळ्यात रोहिणीनं माळावर पाऊल टाकण्यापूर्वी नारळ फोडला होता. डोंगराला नारळ देणं हे तिला घरचंच. ज्ञानेशनं तेव्हा पाहुण्यांसमोर तिची अशी टर उडवली की विचारू नका. आमच्या रोहिणीबाई आता बर्फाला साडी-चोळी नेसवतील, असं तो म्हणाला, आणि ती सगळी सफर हसण्यात गेली. खोबरं मात्र सगळ्यांनी खाल्लं. आता लीडर म्हणून पहिल्याच सकाळी त्याच्यापुढं जाऊन सांगायचं, की माझ्या आईनं स्किनला हळदकुंकू लावलंय? तो हसला असता, पाहुणे हसले असते, आणि ते तिच्या आईला हसले असते. ते तिला सोसवलं नसतं. आपला नोकरीचा घास तोंडाशी आलेला, आणि आपली आई अडाणी ठरणार. ती गप्प बसली. हीच तिची चूक. काही असलीच तर ही.

तिनं सुरीनं डाग खरवडले, तेल पुसलं, स्टोव्हच्या धगीवर डिंक ऊन करून पट्ट्या दाबून बसवल्या. बसल्या. पहिला दिवस चढ बेताचा, बर्फ मऊ. दुसरा दिवसही तसाच गेला. ज्ञानेश मागून चालत होता, पाहुणे खूश होते, आणि संतोष नावाचा ज्ञानेशचा शाळासोबती, नाशकातला रोपवाटिकेचा मालक, रोहिणीच्या पाठोपाठ तिच्याच मागावर पाय टाकत होता. भला माणूस. गुलाबाच्या कलमांबद्दल बोलत राहायचा. तिला वाटलं, निभलं.

तिसऱ्या दिवशी खिंड. रात्रभर वाऱ्यानं माळ खरवडून टणक केला होता. उतारावरून आडवं चढत जायचं होतं, खाली उघडे खडक. थंडी अशी की डिंक चांगला असला तरी कुरकुरावा. अर्ध्यात तिच्या डाव्या स्किनचं शेपूट सुटलं आणि खाली बर्फ शिरला. तिनं थांबून पुसलं, चिकटपट्टीचे वेढे दिले. मागून ज्ञानेशनं विचारलं, काय झालं. काही नाही, म्हणाली. इथंही सांगता आलं असतं. पण खिंड समोर दिसत होती. ती ओलांडली की सफर पार पडली, आणि सफर पार पडली की ती कायम. थोडंच राहिलंय, असं ती मनाशी म्हणाली आणि पुढं पाऊल टाकलं.

पट्टी पुरती निघाली. स्की मागं सटकली, रोहिणी आडवी झाली आणि सरळ संतोषच्या अंगावर गेली. दोघं घसरत खाली. तिला हातातली काठी बर्फात रोवता आली. त्याला नाही आली. खडकावर त्याचा पाय आपटला तो आवाज वर उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकला.

पुढचं सांगायला कुणाला वेळ नसतो, म्हणून इथं सांगतो. स्की एकमेकींना बांधून घसरगाडी केली ती रोहिणीनं. संतोषला गुंडाळून, आवळून त्यावर निजवलं तिनं. ज्या माळांवर चढायला तीन दिवस लागले ते उतरून त्याला रस्त्यापर्यंत आणलं, तर दोरी बहुतेक तिच्याच खांद्यावर होती. वाटभर ती त्याच्याशी गुलाबाच्या कलमांविषयी बोलत राहिली, म्हणजे तो शुद्धीवर राहील. त्याचा पाय पुढं जुळला, पण गुडघा काही पूर्वीसारखा वाकत नाही. डोंगर त्याचा सुटला. तो तिला कधी वावगं बोलला नाही, हे विशेष.

ज्ञानेश बोलला. दवाखान्याच्या बाहेर त्यानं ती स्किन हातात घेऊन उलटसुलट केली. डिंक कशानं गेला, विचारलं. रोहिणी म्हणाली की जुना झाला होता, मी बघायला हवा होता. पिशवीत जादा जोडी होती, मागितली का नाहीस? रोहिणी दोरी गुंडाळत राहिली. ज्ञानेश ओरडला नाही. तुला लीडर केलं हीच माझी चूक, एवढंच म्हणून तो आत गेला. मग त्यानं नाशकात जयरामला फोन केला आणि सांगितलं की तुमच्या मुलीनं स्वतःचं सामान नीट बघितलं नाही, तिच्या हलगर्जीपणामुळं माझ्या मित्राचा पाय गेला, आता तिनं ऑफिसात येऊ नये.

रोहिणी घरी आली तेव्हा आक्काबाई शेवंतीच्या वेण्या गुंफत बसली होती. लेकीला बघून ती उठली आणि तिच्या तोंडावरून, हातापायांवरून हात फिरवत राहिली. कुठं लागलंय का, सारखं विचारत होती. बोटं बर्फानं काळी पडलेली, ती तिनं मांडीवर घेतली. मग तिला रडू फुटलं. म्हणाली, "एवढ्या वरून पडलीस आणि धडधाकट आलीस माय. मी खंडेनवमीला तुझ्या फळ्यांची पूजा केली व्हती. त्या पट्ट्यांनासुदिक हळदकुंकू लावलं. त्या पूजेनंच राखलं तुला."

रोहिणीनं आईकडं बघितलं. मग काळ्या बोटांनी तिचे डोळे पुसले.

तिसऱ्या दिवशी जयरामनं ओट्यावरून विचारलं की सिन्नरचं काय करायचं. रोहिणीला नव्हे, आक्काबाईला विचारलं. आक्काबाई उठली. ती मळ्यात आली. रोहिणी एकटीच शेवंती खुडत होती. आक्काबाई सरीतून चालत तिच्यासमोर येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, चेहरा भांडायला निघालेल्या बाईचा.

"माझ्याकडं बघून सांग," ती म्हणाली. "त्यो ज्ञानेश खोटं बोलत आसंल तर मी आत्ताच्या आत्ता गंगापूर रोडला जाती. त्याच्या काचंच्या दारात बसती. तुज्या बापालाबी बघून घेती. फकस्त खरं सांग. चूक तुजी हाय का?"

रोहिणीच्या हातातलं फूल तसंच राहिलं. एक शब्द पुरे होता. नाही, असं म्हटलं असतं की आक्काबाई दारात बसली असती, नवऱ्याशी पुन्हा अबोला धरला असता, जग उलटं केलं असतं. पण नाही म्हटल्यावर मग कुणाची, असं विचारल्याशिवाय ती राहिली नसती. आणि ते कळल्यावर ह्या बाईनं पुढच्या आयुष्यात कशालाही हात जोडले नसते. संतोषचा पाय आपण मोडला, पोरीचं आयुष्य आपण मोडलं, हे ओझं घेऊन ती ह्याच सऱ्यांतून हिंडली असती.

"माझीच हाय," रोहिणी म्हणाली.

लेकीला मारावं की जवळ घ्यावं हे आक्काबाईला कळत नसावं. तिनं दोन्ही केलं नाही.

"मी तुज्यासाठी भांडले गं, देवासमोर शब्द दिला," ती म्हणाली. "तुला तुजं एक हत्यार नीट बघता आलं नाय?"

"नाही आलं."

आक्काबाईनं खोचलेला पदर सोडला. पाठ फिरवून ती सरीतून घराकडं चालू लागली. रोहिणीला वाटलं, आता हाक मारावी. ती तशीच उभी राहिली. आई बांधापर्यंत गेली, तिथं थांबली, आणि तिथूनच ओट्यावर बसलेल्या जयरामला मोठ्यानं म्हणाली:

"अवं, शिन्नरला निरोप धाडा. पोरीला बघायला या म्हणावं."